स्लाईड-आउटच्या छतावर चढायचं का? आणि आमच्या स्लाईड टॉपरचा दोन वर्षांचा रिव्ह्यू

आधी उत्तर देऊन टाकते, कारण नवीन आरव्ही, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, घेतलेले आपले लोक मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. स्लाईड म्हणजे आरव्हीच्या भिंतीतून बाहेर सरकणारा खोका, त्याच्या छतावर चालू नका. मेन छतावर चालता येतं म्हणून स्लाईडवरही चालता येईल असं नसतं, दोन्हीचं बांधकाम वेगळं असतं. आम्ही हे शिकलो ते एका पायाच्या वजनावर, आणि त्यानंतर जून २०२३ मध्ये स्लाईडवर टॉपर, म्हणजे वरून कापडी आच्छादन, बसवून घेतला, त्याचाच हा रिव्ह्यू आहे. पण टॉपर का घ्यावा लागला ते कळल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही म्हणून थोडं मागून सुरू करते.

आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. २०२२ च्या शेवटी २८ फुटी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची आरव्ही, घेतला, एक स्लाईड असलेला. ज्यांनी स्लाईड बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ट्रेलरच्या भिंतीतला एक मोठा खोका असतो, आमच्यात सोफा आणि डायनेट, म्हणजे जेवायचं टेबल आणि बाकं, त्या खोक्यात आहे, गाडी उभी केली की बटण दाबायचं आणि तो खोका मोटरवर बाहेर सरकतो, आत तीन फूट जागा वाढते. निघताना परत आत घ्यायचा. त्या तीन फुटांमुळे चार माणसं पावसातही आत निवांत जेवू शकतात, त्यामुळे स्लाईड नसलेला ट्रेलर मी आता घेणार नाही. पण खोका बाहेर गेला की त्याचं छतही बाहेर येतं, उघड्यावर, आणि त्यावर झाडाचं जे काय पडेल ते साचतं. आत घेताना हा सगळा कचरा छतावरच्या रबर सीलमधून घासत आत यायला बघतो. काटकी किंवा ओकचं फळ सीलखाली अडकलं तर सील फाटतं, आणि पाणी साचलेलं असेल तर ते सोफ्यावर. म्हणून आत घेण्याआधी स्लाईडचं छत साफ करावंच लागतं, यात पर्याय नाही, आणि तिथूनच वर चढण्याचा प्रश्न येतो.

मार्च २०२३ मध्ये आम्ही गार्नर स्टेट पार्कला गेलो होतो, फ्रिओ नदीच्या काठी. आईबाबा भारतातून आलेले, तेही बरोबर. टेक्सासच्या लाईव्ह ओकचं एक आहे, आपल्याकडे पानगळ थंडी सरता सरता असते तसंच काहीसं, हे झाड हिवाळाभर हिरवं राहतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं एकदम टाकतं, वर लगेच मोहोरासारख्या पिवळ्या तुर्‍यांचा सडा. तीन रात्रींत स्लाईडवर बोटभर थर झाला आणि तिसर्‍या रात्री पाऊस, म्हणजे सगळ्याचा लगदा. सकाळी निघायचं होतं. नवरा मागच्या शिडीने मेन छतावर चढला, झाडू घेऊन कडेला आला आणि वरून हात पुरेना म्हणून एक पाय खाली स्लाईडच्या छतावर टाकला. मी आत सोफ्यावरच्या उशा आवरत होते. माझ्या डोक्यावरचं पॅनल खाली आलेलं मला दिसलं. फार नाही, पाऊण इंच असेल, पण दिसलं, आणि कर्रर्र असा आवाज. मी ओरडले, त्याने पाय काढला, पॅनल परत वर गेलं.

बाबा खाली उभे होते. बाबा चिपळूणचे, कौलारू घरात वाढलेले, दर वर्षी पावसाआधी शाकारणी बघितलेले आणि पुढे स्वतः केलेले. कौलांवर चढणारा माणूस कौलाच्या भरवशावर पाय टाकत नाही, खालचा वासा कुठून गेलाय त्याचा अंदाज घेऊन टाकतो, नाहीतर कौल फुटतं आणि माणूस माजघरात. बाबांनी जावयाला एवढंच विचारलं, "अहो, ह्याचे वासे कुठून गेलेत?" आणि आमच्या दोघांकडेही उत्तर नव्हतं. तीन महिने तो ट्रेलर आमचा होता आणि डोक्यावर काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आधी ते शोधलं. साध्या ट्रेलरच्या मेन छतात बहुतेक वेळा ठरावीक अंतरावर आडवे राफ्टर, म्हणजे बाबांचे वासे, असतात, लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, वर प्लायवुड किंवा ओएसबीची (लाकडाच्या चिपा चिकटवून केलेली) फळी आणि त्यावर रबरी कातडं, ईपीडीएम किंवा टीपीओ. मागे कंपनीची शिडी बसवलेली असेल तर माणसाने वर जावं असं बनवणार्‍याने धरलेलं आहे एवढा अंदाज करता येतो. शिडीवर वजनाचा स्टिकर असतो, आमच्या शिडीवर २५० पौंड लिहिलंय. स्लाईडच्या छताला मात्र अनेक ट्रेलरमध्ये असे राफ्टर नसतात, फोमच्या दोन्ही बाजूंना पातळ फळी चिकटवलेलं लॅमिनेटेड पॅनल असतं. वजन कमी ठेवायचं असतं कारण हा अख्खा खोका मोटरला ढकलायचा असतो.

आणि मला सगळ्यात पटलेलं कारण म्हणजे खोक्याचा आकार. स्लाईडला भिंती तीनच असतात, बाहेरची एक लांब आणि दोन्ही टोकांच्या आखूड. चौथी बाजू खोलीत उघडी, तिथूनच तर आपण सोफ्यावर बसतो. म्हणजे छताचं पॅनल तीन बाजूंनी भिंतीवर टेकलंय आणि चौथ्या बाजूला नुसती चौकटीची पट्टी. आता मेन छतावरून उतरणारा माणूस पहिला पाय कुठे टाकतो? बरोबर त्या चौथ्या बाजूला, जिथे खाली भिंत नाही. वर सीलही तिथेच असतं. तिथे पॅनलला कायमचा बाक आला तर सील नीट टेकत नाही, किंवा स्लाईड आत घेताना छत भोकाच्या वरच्या कडेला घासतं. त्यात अजून एक गोष्ट, स्लाईड आत असताना तिच्या छतावर चढताच येत नाही कारण ते छत ट्रेलरच्या पोटात असतं. म्हणजे चढायची वेळ येते तेव्हा खोका नेहमी बाहेर लटकलेलाच असतो, बहुतेक ट्रेलरमध्ये खाली जमिनीपर्यंत काही आधार नाही, सगळा भार मेकॅनिझमवर. कुणाच्यात फ्लोअरखाली रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चाक, असतं, कुणाच्यात केबल, मोठ्या गाड्यांत हायड्रॉलिक, आणि श्विनटेक म्हणून जे हलकं सिस्टीम आहे त्यात तर बाजूच्या भिंतींवर दातेरी पट्ट्या आणि दोन छोट्या मोटर ज्या एकमेकींशी जुळवून चालाव्या लागतात. बाहेरच्या कडेवर वजन टाकलं की तरफेसारखं काम होतं.

मग लोक म्हणतात आत डायनेटवर चार माणसं बसतात ते कसं चालतं. चालतं कारण ते वजन फ्लोअरवर येतं आणि फ्लोअर त्यासाठीच बनवलेला असतो, तिथून भार थेट मेकॅनिझमला जातो. छत त्या हिशोबात नाही.

दुसरा मुद्दा, पाऊस साचला तरी तेवढंच वजन होतं ना. हा प्रश्न मला पण पडला होता म्हणून हिशोब केला. १ चौरस फुटावर १ इंच पाणी म्हणजे साधारण ५.२ पौंड. आमची स्लाईड १० फूट बाय ३ फूट, म्हणजे १ इंच पाणी साचलं तर १५६ पौंड, एका माणसाएवढं. पण ते ३० चौरस फुटांवर पसरलेलं असतं. १८० पौंडांचा माणूस उभा राहिला की दोन तळव्यांची जागा फार तर अर्धा चौरस फूट, म्हणजे तिथे ३६० पौंड दर चौरस फुटाला. आणि चालताना एकाच पायावर येतो तेव्हा दुप्पट. फोमवरची पातळ फळी तिथेच दबते, आणि एकदा फोमपासून सुटली की ती जागा पिलपिली होते, वरून तळहाताने दाबली तरी कळतं.

आमच्यात नेमकं तेच निघालं. टॉपरचं बघायला जो घरी येऊन काम करणारा आरव्हीचा टेक्निशियन आला होता त्याने स्वतःच्या शिडीवर उभं राहून, छतावर पाय न ठेवता, अख्खं छत तळहाताने दाबत तपासलं आणि मधोमध एक ताटाएवढी मऊ जागा दाखवली, बाहेरच्या कोपर्‍यात सीलंटलाही भेग. भेग जुनी होती, आत धूळ बसलेली, म्हणजे आमच्या आधीही कुणीतरी वर वावरलेलं असणार. नशीब पाणी आत उतरलेलं नव्हतं. भेग त्याने साफ करून सपाट भागावर डायकोर कंपनीचं सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं, सीलंट आणि उभ्या कडेला त्यांचंच न ओघळणारं लावलं. तेव्हा त्याने सांगितलेलं लक्षात ठेवण्यासारखं आहे, छतावर कधीही साधं बाथरूमचं सिलिकॉन लावू नका, नंतर त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही आणि सगळं खरवडत बसावं लागतं.

आता टॉपर.

टॉपर म्हणजे स्लाईडच्या वर बसणारी छोटी ऑनिंग, गुंडाळता येणारं कापडी छप्पर. कापडाची एक कड ट्रेलरच्या भिंतीवर, स्लाईडच्या भोकाच्या वर पट्टीत अडकवलेली, आणि दुसरी कड रोलरला, जो स्लाईडच्या बाहेरच्या कडेवर बसतो. स्लाईड बाहेर आली की कापड आपोआप उलगडतं, आत गेली की रोलरमधली स्प्रिंग ते गुंडाळते. मोटर नाही, बटण नाही. बाजारात केअरफ्री, डोमेटिक, लिपर्टचं सोलेरा असे बरेच आहेत, तत्त्व सगळ्यांचं हेच. आमच्या स्लाईडला मजुरी धरून ६०० डॉलरच्या आसपास गेले, काम दोन तासांत झालं. नवर्‍याला स्वतः बसवायचं होतं पण स्प्रिंग बघितल्यावर मीच नको म्हटलं. रोलरला ताण देऊन पिन घालून अडकवावं लागतं आणि पिन निसटली तर तो ब्रॅकेट गर्रकन फिरतो, बोटं सापडली तर वाईट. दोन अनुभवी माणसं असतील तर ठीक, एकट्याने हात घालू नये.

फायदा पहिल्याच वसंतात दिसला. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच पार्कात, तसल्याच ओकखाली चार रात्री काढल्या, आणि निघायच्या सकाळी कापडावरची पानं आम्ही खाली जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ओढून काढली. पाच मिनिटं. उरलंसुरलं रोलर गुंडाळताना कडेवरून गळून पडतं, ओली पानं चिकटून राहतात ती मात्र आधी काढायची नाहीतर रोलमध्ये चिरडून डाग पडतात आणि बुरशी येते. पाऊस येऊन गेल्यावर स्लाईड आत घेताना आत थेंब नाही. उन्हाळ्यातही सोफ्याच्या डोक्यावरचं पॅनल हाताला पूर्वीइतकं तापलेलं लागत नाही, कारण कापड आणि छत यांच्यात हवा खेळते. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये ही काही छोटी गोष्ट नाही.

त्रास आहेत, ते पण सांगते. पहिला म्हणजे वारा. पाद्रे आयलंड नॅशनल सीशोअरला समुद्राकाठी मुक्काम होता, रात्री वारा वाढला आणि कापड फडफडायला लागलं, शिडाच्या होडीत झोपल्यासारखा आवाज, मुलगी उठून बसली. रात्री दोनला स्लाईड आत घेतली आणि डायनेटचा बेड सोडून सगळे एका बाजूला झोपलो. जोराच्या वार्‍यात स्लाईड आत घेणं हाच उपाय आहे, कापड फाटण्यापेक्षा बरं. वार्‍याच्या गावी जाणार असाल तर ट्रेलर असा लावा की टॉपरची बाजू वार्‍याच्या आडोशाला येईल.

दुसरा त्रास पाणी. कापडाला उतार असतो पण फार थोडा, आणि सलग पावसात मध्ये झोळ होतो, डबकं साचतं. पहिल्या वर्षी कमी, दुसर्‍या वर्षी कापड जरा सैल झाल्यावर जास्त. मग स्लाईड आत घेताना ते सगळं पाणी एकदम कडेवरून कोसळतं, खाली कोणी उभं नाही ना बघूनच बटण दाबायचं. आम्ही आधी एक फूटभर आत घेतो, पाणी सांडू देतो, मग उरलेली. काही लोक कापडाच्या खाली बीच बॉल सारून ठेवतात म्हणजे मध्ये उंचवटा येऊन पाणी दोन्हीकडे वाहतं. आम्ही करून बघितलं, चालतं, पण बॉल काढायची आठवण राहायला हवी, नाहीतर स्लाईड आत घेताना तो अडकतो. आम्ही आता स्लाईडच्या बटणावरच चिकटपट्टी लावून "बॉल" असं लिहितो.

तिसरं, टॉपरमुळे खालचं छत डोळ्याआड होतं. मला हा तोटा सगळ्यात मोठा वाटतो, कारण छत दिसत नाही म्हणून ते ठीक आहे असं वाटायला लागतं. आमच्या टॉपरखाली गेल्या सप्टेंबरला गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं होतं. म्हणून वर्षातून दोनदा, मार्चआधी आणि ऑक्टोबरमध्ये, बाजूने शिडी लावून टॉर्च मारून कापडाच्या खाली बघायचंच. कोपर्‍यातलं सीलंट, कडेची पट्टी, रबर सील. सीलला ३०३ नावाच्या ब्रँडचं प्रोटेक्टंट लावतो म्हणजे उन्हाने तडकत नाही. छत धुवायला भांड्यांचा साधा साबण, पेट्रोलियम असलेलं कुठलंही क्लीनर ईपीडीएमला लावायचं नाही, ते रबर फुगवतं.

शिडीचं पण सांगते, कारण खरी गरज तिचीच होती आणि ती आम्ही आधी घेतली असती तर नवर्‍याचा पाय छतावर गेलाच नसता. स्लाईड तीनच फूट खोल आहे. जमिनीवर नीट उभी राहणारी घडीची शिडी बाहेरच्या बाजूला लावली की ब्रशने छताचा प्रत्येक कोपरा येतो, पाय टाकायची वेळच येत नाही. शिडी ट्रेलरच्या भिंतीला टेकवू नका, पातळ फायबरग्लासला पोचा येतो, ए आकाराची स्वतःच्या पायावर उभी राहणारी घ्या. खाली एक माणूस धरायला हवाच, उंची दहा फुटांची असते आणि कॅम्पग्राउंडची जमीन कधीच सपाट नसते. वर चढून ओल्या टीपीओवर पाय घसरला तर कठडा वगैरे काही नसतो, त्यामुळे पॅनल वाचवण्यापेक्षा मला ही शिडी जास्त महत्त्वाची वाटते.

आता ज्यांच्याकडे मोठी मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, आहे ते म्हणतील आमच्या स्लाईडवर आम्ही दहा वर्षं चालतोय. असेल, काही महागड्या गाड्यांच्या स्लाईडची छतं खरंच भक्कम बांधलेली असतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तर जा, नाहीतर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, देऊन बनवणार्‍याला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. शेजारच्या साईटवरच्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका, त्याचं छत वेगळं. आणि वाळवंटात कुठेतरी अडकलात, सील फाटलंय, दुसरा मार्गच नाही अशी वेळ आली तर निदान उभं राहू नका. २ बाय ४ फुटांची प्लायवुडची फळी खाली जुनी रजई घालून पसरा आणि तिच्यावर गुडघ्यांवर किंवा पोटावर रांगत जा, बाहेरच्या भिंतीच्या जवळून. १८० पौंड मग ८ चौरस फुटांवर पसरतात, म्हणजे २२ पौंडांच्या आसपास. आधी म्हटलं तसं उभं राहिल्यावर ३६०. टॉपर बसवलेला असेल तर हा प्रश्नही संपतो, कापडावर पाय दिला तर ते फाटणारच.

टॉपरला ५ पैकी ४ देईन. एक गुण वार्‍याच्या त्या रात्रीचा आणि झोळाचा कापला. ज्यांचा मुक्काम झाडांखाली असतो त्यांनी डोळे मिटून घ्यावा, जे फक्त मोकळ्या वाळवंटात फिरतात, अ‍ॅरिझोनाकडे वगैरे, त्यांना चांगली शिडी आणि ब्रश पुरेल असं मला वाटतं. ऑर्डर करताना स्लाईडच्या बॉक्सची नाही, कडेच्या पट्ट्या धरून बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंतची रुंदी मोजा आणि कापड दोन्हीकडे थोडं बाहेर येईल असं घ्या, आमच्या पहिल्या मापात पट्ट्या सुटल्या होत्या आणि कापड चार इंच कमी आलं, परत पाठवावं लागलं, त्यात तीन आठवडे गेले. आमच्या कापडाच्या रोलरकडच्या एका कोपर्‍यात शिवण उसवायला लागली आहे. नुसतं कापड वेगळं मिळतं, रोलर तोच राहतो, या पानगळीच्या आत बदलून घेणार आहोत, आणि स्प्रिंगचं काम असल्यामुळे परत त्याच टेक्निशियनला बोलावलंय.